जळिताचा किनारा : मांडवी ते विजयदुर्ग

रत्नागिरी शहर पश्चिमेस जेथे समुद्राला भिडते तेथे मांडवीची काळसर वाळूची पुळण आणि जुने बंदर असून, त्याच्या वायव्येस समुद्रात घुसलेल्या डोंगरसोंडेवर रत्नदुर्ग उभा आहे आणि दक्षिणेस काजळी नदीची भाट्ये खाडी समुद्राला मिळते. संध्याकाळी मांडवीच्या धक्क्यावर वारा खाण्यास येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या लेखी हा किल्ला म्हणजे भगवतीचे देऊळ आणि दीपगृह एवढाच असतो, आणि त्यात त्यांचा फारसा दोषही नाही, कारण तोफांनी पाडलेले एखादे ठळक खिंडार दाखवून येथील लढायांची कथा सांगावी, अशी सोय या किल्ल्याने ठेवलेली नाही. या किनाऱ्यावरच्या युद्धाच्या खुणा विखुरलेल्या आहेत : काही दक्षिणेला विजयदुर्गाच्या तटात आहेत, काही तेथील खाडीच्या गाळात, आणि काही थेट रत्नागिरीच्या एका राजवाड्यात व एका थडग्यात. त्या एकमेकींशी जोडून पाहिल्या तरच अठराव्या शतकाच्या मध्यावर कोकणच्या समुद्रात काय घडले आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा अंदाज येतो.

रत्नदुर्गाचा आकार घोड्याच्या नालेचा असून त्याच्या तिन्ही बाजूंना समुद्र आहे आणि एकाच बाजूने तो जमिनीला जोडलेला आहे. उत्तरेकडील उंच टेकाडावर बालेकिल्ला, म्हणजे किल्ल्याच्या आतला स्वतंत्र तटबंदीचा गाभा असून, त्यातच भगवतीचे देऊळ आहे; दक्षिणेकडील टेकाडावर १८६७ मध्ये उभारलेले दीपगृह आहे; आणि या दोहोंच्या मधल्या सखल भागात पेठकिल्ला, म्हणजे शिबंदी, कारागीर व व्यापारी यांच्या वस्तीसाठी राखलेला भाग होता, जेथे आजही माणसे राहतात. बालेकिल्ल्याच्या बुरुजांवरून उत्तरेला मिऱ्याचा डोंगर, त्याच्या कुशीतले भगवती बंदर आणि मिरकरवाड्याच्या मासळी बंदरातील होड्यांची दाटी दिसते, तर दीपगृहाच्या टेकाडावरून दक्षिणेला मांडवी, राजिवडा आणि भाट्ये खाडीचे मुख एका नजरेत येते. किल्ला या जागी का बांधला, याचे उत्तर ही दोन दृश्येच देतात : उत्तरेकडील उपसागरात नांगरलेले आणि दक्षिणेकडील खाडीत शिरू पाहणारे, अशी दोन्ही प्रकारची गलबते येथून तोफेच्या टप्प्यात ठेवता येत होती.

किल्ल्याची मूळ उभारणी बहमनी काळातील मानली जाते. पुढे तो विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला, सतराव्या शतकात शिवाजी महाराजांनी तो स्वराज्यात आणला, त्यानंतर तो आंग्र्यांच्या आणि मग पेशव्यांच्या ताब्यात राहिला आणि १८१८ मध्ये कोकणातील इतर किल्ल्यांप्रमाणे इंग्रजांच्या हाती पडला. सत्तांतराची अशी यादी कोणत्याही किल्ल्याच्या माहितीफलकावर सापडते आणि ती वाचून वाचणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. लक्षात घेण्यासारखी गोष्ट निराळी आहे : कोकणचे सागरी किल्ले एकेकटे वाचण्यासाठी नाहीतच. सह्याद्रीच्या घाटांतून उतरणारा माल खाड्यांच्या काठी वसलेल्या राजापूर, खारेपाटण यांसारख्या पेठांत येत असे आणि तेथून पडावांनी, म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू होड्यांनी, समुद्रावर जात असे, त्यामुळे ज्याच्या हाती खाडीचे मुख त्याच्या हाती जकात आणि ज्याच्या हाती जकात त्याच्या हाती घाटमाथ्याचा व्यापार, असा हिशेब होता. हर्णैजवळचा सुवर्णदुर्ग, वाशिष्ठीच्या मुखावरचा अंजनवेलचा गोपाळगड, शास्त्री नदीवरचा जयगड, मग रत्नदुर्ग, मुचकुंदीवरचा पूर्णगड, जैतापूर खाडीवरचा नाट्याचा यशवंतगड आणि वाघोटण खाडीवरचा विजयदुर्ग अशी ही साखळी असून, तिचा एक दुवा निसटला की पुढच्या दुव्यावर ताण येत असे.

ही साखळी एका हाती आली ती कान्होजी आंग्र्यांच्या काळात. सरखेल, म्हणजे मराठी आरमाराचा प्रमुख, या पदावर असलेल्या कान्होजींनी आपल्या समुद्रातून जाणाऱ्या जहाजांनी आपला दस्तक, म्हणजे प्रवासाचा परवाना, घ्यावा आणि त्याचे शुल्क भरावे, असा नियम केला. नियम नवा नव्हता; पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून याच समुद्रात याच रीतीने परवाने विकत होते. इंग्रज, डच आणि पोर्तुगीज यांना तो मान्य होण्यासारखा नव्हता, कारण परवाना देण्याचा अधिकार मान्य करणे म्हणजे समुद्रावरील सत्ता मान्य करणे होते, आणि म्हणूनच मुंबईच्या इंग्रजी कागदांत आंग्र्यांचा उल्लेख सर्रास चाचे असा येतो. या चाच्यांना मोडण्यासाठी इंग्रजांनी १७२० मध्ये ‘फ्राम’ नावाचा तरंगता तोफखाना मुद्दाम बांधून विजयदुर्गावर पाठवला, १७२१ मध्ये पोर्तुगीजांच्या साथीने कुलाब्यावर स्वारी केली, आणि १७२४ मध्ये डचांनीही विजयदुर्गावर आरमार आणून पाहिले. या तिन्ही मोहिमा फसल्या. १७२९ मध्ये कान्होजी वारले तेव्हा त्यांचे किल्ले कोणत्याही युरोपीय सत्तेने जिंकलेले नव्हते.

किल्ले पडले ते घर फुटल्यावर. कान्होजींच्या मुलांत वाटण्या झाल्या, कुलाबा मानाजीकडे गेला आणि दक्षिणेकडील सुवर्णदुर्ग, रत्नागिरी, विजयदुर्ग हा पट्टा सेखोजी व संभाजी यांच्यानंतर तुळाजी आंग्र्यांकडे आला. तुळाजी कर्तबगार होता आणि तितकाच हट्टी. नानासाहेब पेशव्यांचे वर्चस्व त्याने मानले नाही, त्यांच्या मुलखाला उपद्रव दिला आणि इंग्रज, डच दोघांचीही जहाजे पकडली, ज्यांत १७४९ मध्ये घेतलेले इंग्रजांचे ‘रेस्टोरेशन’ हे मोठे जहाज होते. समुद्रावर तुळाजीला गाठण्याइतके आरमार पेशव्यांजवळ नव्हते आणि जमिनीवरून त्याचे किल्ले वेढण्याइतके सैन्य मुंबईकरांजवळ नव्हते, तेव्हा मार्च १७५५ मध्ये दोघांत करार झाला आणि पेशव्यांच्या वतीने रामाजी महादेव बिवलकर व इंग्रजांच्या वतीने कमोडोर विल्यम जेम्स यांनी मोहीम उघडली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुवर्णदुर्ग पडला आणि कराराप्रमाणे बाणकोटचा किल्ला इंग्रजांना मिळाला.

जेम्सच्या या विजयाची आठवण कोकणापेक्षा लंडनमध्ये अधिक ठसठशीतपणे जपलेली आहे. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने १७८४ मध्ये लंडनच्या आग्नेय भागातील शूटर्स हिल या टेकडीवर तिकोनी आकाराचा एक मनोरा बांधला आणि त्याला किल्ल्याचेच नाव दिले. इंग्रजी उच्चाराने ‘सेव्हर्नड्रूग’ झालेला हा सुवर्णदुर्ग आजही तेथे उभा असून त्याच्या गच्चीवरून लंडन शहर पाहता येते. हर्णैच्या समुद्रातील मूळ सुवर्णदुर्गावर जाण्यासाठी मात्र आजही होडीवाल्याशी बोलणी करावी लागतात.

मांडवीहून विजयदुर्गाकडे निघणाऱ्या प्रवाशाने महामार्गाऐवजी किनाऱ्याचा सागरी रस्ता धरावा, कारण किल्ल्यांच्या साखळीचा अर्थ या रस्त्यानेच उलगडतो. भाट्याचा पूल ओलांडल्यावर पावस, पूर्णगड, गावखडी, कशेळी, आडिवरे, नाटे, जैतापूर असा हा रस्ता एकदा सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, चढतो आणि एकदा खाडीच्या पातळीवर उतरतो, आणि प्रत्येक उताराच्या टोकाला एक पूल व त्या पुलाच्या समुद्राकडील बाजूस कुठे तटबंदी, कुठे नुसते तिचे अवशेष भेटतात. पूल नव्हते तेव्हा, म्हणजे अगदी कालपरवापर्यंत, हा प्रवास तरीने किंवा आगबोटीने होत असे. मुंबईहून गोव्याकडे जाणारी आगबोट जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशा बंदरांवर थांबत असे आणि खोल पाण्यात उभ्या राहिलेल्या बोटीपर्यंत उतारूंना पडावातून नेले जाई. विजयदुर्ग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होता. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाल्यावर तो त्या जिल्ह्याच्या देवगड तालुक्यात गेला.

विजयदुर्ग हा वाघोटण खाडीच्या दक्षिण तीरावर, तिच्या मुखाशी आहे. त्याचे जुने नाव घेरिया, ते शेजारच्या गिर्ये गावावरून पडलेले, आणि इंग्रजी कागदांत तो याच नावाने येतो. त्याची पहिली उभारणी शिलाहार राजा दुसरा भोज याच्याकडे दिली जाते, तर शिवाजी महाराजांच्या काळात त्याचा विस्तार होऊन त्याला आजची तिहेरी तटबंदी आली, असे मानले जाते. तिहेरी तटबंदी म्हणजे एकामागोमाग एक चढत गेलेल्या तीन भिंती, ज्यांतील बाहेरची भिंत पडली तरी शत्रू दुसरीच्या पायथ्याशी, वरून होणाऱ्या माऱ्याच्या तोंडी सापडावा. खाडीचे पाणी खोल असल्याने मोठी जहाजे किल्ल्याच्या आडोशाला नांगरता येत आणि लहान गलबते पार खारेपाटणच्या बाजूला आत नेता येत. किल्ल्याच्या पश्चिमेस समुद्रात पाण्याखाली एक लांब भिंत असून शत्रूची जहाजे तिच्यावर आपटून फुटत, असे सांगितले जाते; सागरी संशोधकांनी तिची पाहणी केली असली तरी ती मानवनिर्मित की नैसर्गिक, यावर मतभेद आहेत, त्यामुळे किल्ल्यावर ऐकू येणाऱ्या थरारक वर्णनातला काही भाग वजा करूनच ऐकलेला बरा.

१७५६ च्या फेब्रुवारीत या मुखाशी जे आरमार आले ते यापूर्वी आलेल्या सर्व आरमारांहून वेगळे होते, कारण ते नुसत्या कंपनीचे नव्हते, तर ब्रिटिश राजाचे होते. ॲडमिरल चार्ल्स वॉटसन याच्या हाताखाली ‘केंट’, ‘कंबरलंड’, ‘टायगर’, ‘सॉल्सबरी’ या पन्नास ते सत्तर तोफांच्या युद्धनौका होत्या, त्यांच्या जोडीला कंपनीची ‘प्रोटेक्टर’सारखी जहाजे आणि कुलपी गोळे, म्हणजे आत दारू भरलेले व पडल्यावर फुटणारे गोळे, फेकणाऱ्या उखळी तोफांच्या नौका होत्या, आणि जमिनीवरील फौजेचे नेतृत्व रॉबर्ट क्लाइव्हकडे होते. क्लाइव्ह खरे तर दख्खनमध्ये फ्रेंचांविरुद्ध लढण्यासाठी मुंबईस आला होता. ती मोहीम बारगळल्याने फौज रिकामी होती आणि ती तुळाजीवर वळवण्यात आली. स्वारी निघण्यापूर्वीच मुंबईत अधिकाऱ्यांनी लुटीची वाटणी ठरवून टाकली आणि त्या वाटणीत मराठ्यांचा हिस्सा धरलेला नव्हता. पेशव्यांच्या सरदारांना ते ठाऊक नसले, तरी इंग्रज येण्यापूर्वीच तुळाजीशी बोलणी करून किल्ला पदरात पाडून घ्यावा, एवढी सावधगिरी त्यांच्यापाशी होती. तुळाजी किल्ला नातेवाइकाच्या हाती सोडून मराठ्यांच्या छावणीत बोलणी करण्यास गेला आणि तेथेच अडकला, त्यामुळे किल्ल्यावर हल्ला झाला तेव्हा किल्ल्याचा धनी किल्ल्यात नव्हता.

१२ फेब्रुवारीच्या दुपारी समुद्रवाऱ्याबरोबर आरमार दोन रांगांनी खाडीत शिरले. एका रांगेत मोठ्या युद्धनौका किल्ल्याच्या तटाशी भिडल्या आणि दुसऱ्या रांगेतील लहान नौकांनी किल्ल्याच्या आडोशाला उभ्या असलेल्या आंग्र्यांच्या जहाजांवर मारा धरला. तासा-दोन तासांत एक कुलपी गोळा पडला तो नेमका ‘रेस्टोरेशन’वर, म्हणजे सात वर्षांपूर्वी इंग्रजांकडूनच घेतलेल्या जहाजावर, आणि ते पेटले. गुराबा, म्हणजे पुढे टोकदार नाळ असलेल्या दोन किंवा तीन डोलकाठ्यांच्या युद्धनौका, आणि गलबते, म्हणजे वल्ह्यांवर चालणाऱ्या हलक्या नौका, बंदरात एकमेकींना बांधून ठेवलेल्या होत्या, त्यामुळे आग दोरखंडांवरून एका नौकेवरून दुसरीवर गेली आणि संध्याकाळपर्यंत जवळजवळ सारे आरमार जळाले. बांधणीस काढलेली मोठी जहाजेही वाचली नाहीत. आग किल्ल्याच्या आत पोहोचली आणि तेथील घरे व कोठारे रात्रभर जळत राहिली. कान्होजींच्या काळापासून दोन पिढ्यांनी कोकणच्या सागाला आकार देऊन उभे केलेले आरमार एका दुपारीत राख झाले.

त्याच रात्री क्लाइव्हने आपली फौज उतरवली, ती किल्ला आणि मराठ्यांची छावणी यांच्या मध्ये. किल्लेदाराने शरणागती द्यायचीच ठरवले तर ती मराठ्यांना देऊ नये, एवढाच त्या जागेचा उपयोग होता, आणि तो साधला. १३ तारखेला पुन्हा भडिमार झाला आणि संध्याकाळी किल्ला इंग्रजांच्या स्वाधीन झाला. आत सुमारे अडीचशे तोफा आणि दहा लाख रुपयांच्या आसपास ऐवज मिळाला, जो इंग्रजांनी ठरल्याप्रमाणे आपापसात वाटून घेतला. तुळाजीची आई, बायका आणि मुले किल्ल्यातच सापडली. वॉटसनबरोबर असलेल्या एडवर्ड आइव्ह्ज या आरमारी शल्यवैद्याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवले आहे, की वॉटसन त्यांना भेटण्यास गेला तेव्हा म्हातारीने आता आपल्याला मुलगा नाही आणि या मुलांना बाप नाही असे म्हणून शोक केला, त्यावर वॉटसनने त्यांना आपला मित्र समजावे असे सांगितले, आणि सर्वांत धाकट्या मुलाने त्याचा हात धरून मग तूच आमचा बाप, असे म्हटल्यावर ॲडमिरलला अश्रू आवरले नाहीत. प्रसंग हृद्य आहे, पण त्याच्या शेजारी दुसरी गोष्टही ठेवली पाहिजे : तुळाजी पेशव्यांचा कैदी झाला, निरनिराळ्या किल्ल्यांवर ठेवला गेला आणि कैदेतच मेला, कोकणचा किनारा त्याला पुन्हा दिसला नाही.

नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांच्या हातून मराठ्यांचे आरमार बुडवले, हे वाक्य मराठी वाचकाने शाळेपासून ऐकलेले असते. त्यात तथ्य आहे, पण ते जरा सोपे करून सांगितलेले तथ्य आहे. पेशव्यांना आरमार बुडवायचे नव्हते, हवे होते. रामाजी महादेवांची धडपड किल्ला आणि जहाजे शाबूत ताब्यात घेण्याची होती, आणि क्लाइव्हने ज्या घाईने मधली जागा अडवली तिच्यावरून ती धडपड इंग्रजांनाही कळलेली होती असे दिसते. नानासाहेबांची चूक हेतूची नसून हिशेबाची होती : घरातल्या बंडखोराला वठणीवर आणण्यासाठी त्यांनी ज्याला बोलावले, त्याला मोबदल्यात काय हवे आहे हे त्यांनी पुरते तपासले नाही. इंग्रजांना तुळाजी नको होता हे खरे, परंतु त्याहीपेक्षा मुंबईच्या दक्षिणेस मोठे आरमार कोणाचेच नको होते. ऑक्टोबर १७५६ मध्ये पुण्यास तह होऊन इंग्रजांनी विजयदुर्ग पेशव्यांना परत दिला आणि बाणकोट आपल्याकडे पक्का केला. किल्ला परत देणे त्यांना परवडले, कारण किल्ल्यासमोरचे पाणी आता रिकामे होते. वॉटसन आणि क्लाइव्ह त्याच वर्षाच्या अखेरीस बंगालकडे गेले, ‘केंट’, ‘टायगर’ आणि ‘सॉल्सबरी’ यांनी मार्च १७५७ मध्ये चंद्रनगरच्या फ्रेंच किल्ल्यावर तोफा डागल्या, आणि जूनमध्ये प्लासी झाली. विजयदुर्गाचा तट पाहणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे, की हिंदुस्थानचा इतिहास ज्या माणसांनी बदलला त्यांनी बंगालला जाण्यापूर्वी या खाडीत हात साफ करून घेतला होता.

तटावरील खुणा पाहण्यासाठी ओहोटीची वेळ धरावी, कारण भरतीला समुद्राकडील बाजूने चालता येत नाही. तोफगोळ्यांच्या खुणा वाटोळ्या खळग्यांच्या रूपात दिसतात आणि त्या ओळखताना थोडा विवेक लागतो. जांभा हा लोहयुक्त, सच्छिद्र खडक. खाणीतून काढताना तो इतका मऊ असतो की कुऱ्हाडीसारख्या हत्याराने त्याचे चिरे, म्हणजे घडीव ठोकळे, पाडता येतात, आणि हवा लागल्यावर तो टणक होतो. तो ठिसूळ दगडासारखा तडकत नाही. लोखंडी गोळा त्यात रुततो, चिऱ्याचा काही भाग पिठासारखा उडतो आणि खळगा उरतो, पण शेजारचा चिरा जागचा हलत नाही. मात्र हाच जांभा खाऱ्या वाऱ्याने आणि पावसानेही झिजतो आणि त्याला आपोआप छिद्रे व पोकळ्या पडतात, तेव्हा तटावरील प्रत्येक भोक वॉटसनच्या खाती टाकण्याचा मोह आवरावा. खळग्याचा तळ वाटीसारखा असेल, कडा एका बाजूला उडालेली असेल आणि तसे चार-सहा खळगे एकाच उंचीवर ओळीने असतील, तर ते बहुधा गोळ्यांचे. पोळ्यासारखी सलग जाळी असेल तर ती समुद्राची. काही ठिकाणी जांभ्याच्या तटात काळ्या दगडाची जोडकामे दिसतात, ती नंतरच्या दुरुस्त्यांची साक्ष असू शकतात. हनुमंताचे देऊळ मागे टाकून मुख्य दरवाज्याकडे जाणारी वाट तटाला वळसा घालून अचानक काटकोनात वळते. या रचनेला गोमुखी म्हणतात, आणि हत्तीच्या किंवा ओंडक्याच्या धडकेला दरवाज्यासमोर धाव घेण्यास जागाच मिळू नये, हा तिचा हेतू. खाडीच्या बाजूचा खुबलढा बुरूज नावाप्रमाणेच पुष्कळ लढलेला असून, येथून आरमार शिरले ती वाट पूर्ण दिसते आणि ती किती अरुंद आहे हे पाहून दोन्ही बाजूंच्या गोलंदाजांमध्ये किती थोडे अंतर होते हे ध्यानात येते.

पेशव्यांच्या ताब्यात आल्यावर विजयदुर्ग हे त्यांच्या आरमाराचे मुख्य ठाणे झाले आणि आनंदराव धुळप यांच्या घराण्याने ते सांभाळले. हे आरमार आंग्र्यांच्या तोलाचे नव्हते, तरी दुबळेही नव्हते : ८ एप्रिल १७८३ रोजी धुळपांच्या नौकांनी याच किनाऱ्यासमोर कंपनीच्या ‘रेंजर’ या जहाजाला घेरून, घनघोर लढाईनंतर ते पकडून विजयदुर्गाच्या बंदरात आणले. इंग्रज आणि मराठे यांच्यातला सालबाईचा तह आधीच झालेला असल्यामुळे जहाज पुढे परत करावे लागले. लढाई जिंकूनही हाती काही न उरणे, हे या किनाऱ्याच्या नशिबी एकदाच आलेले नाही. गावातील धुळपांचा वाडा आणि गिर्ये येथील रामेश्वराचे देऊळ ही त्या काळाची दोन ठिकाणे असून, कातळ खोदून केलेल्या वाटेने देवळात उतरता येते, तेथे संभाजी आंग्र्यांची समाधी आहे आणि देवळातली मोठी घंटा धुळपांनी पकडलेल्या पोर्तुगीज जहाजावरची, अशी तेथील परंपरा आहे.

किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ नावाचे चौथरे दाखवून, १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने येथूनच हेलियम वायूचा शोध लावला, असे हौसेने सांगितले जाते. १८६८ मध्ये लॉकियर हिंदुस्थानात नव्हता. त्याने आपले निरीक्षण इंग्लंडमधूनच केले. तो विजयदुर्गास आला तो जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, आणि त्याच्या दुर्बिणी मांडण्यास ब्रिटिश युद्धनौकेवरचे खलाशी मदतीला होते. किल्ल्याची थोरवी वाढवण्यासाठी तीस वर्षे मागे सरकण्याची गरज नाही. ज्या खाडीत ब्रिटिश आरमार तोफा घेऊन शिरले होते तेथेच ते एकशे बेचाळीस वर्षांनी दुर्बिणी घेऊन आले, ही खरी गोष्टच पुरेशी चमत्कारिक आहे.

रत्नागिरीकडे पुन्हा वळायचे ते या युद्धाच्या पुढच्या पायरीसाठी. १८१८ नंतर दक्षिण कोकणचे जिल्हा ठाणे आधी बाणकोटास होते, म्हणजे तुळाजीविरुद्धच्या कराराची बक्षिसी म्हणून मिळालेल्या ठिकाणीच. १८२२ मध्ये ते मध्यवर्ती म्हणून रत्नागिरीस हलवले गेले. किल्ल्याचे लष्करी महत्त्व संपले, त्याच्या बुरुजावर दीपगृह आले, आणि डोंगर-खाड्यांनी वेढलेले, मुंबईहून आगबोटीनेच नीट गाठता येणारे हे शहर सरकारला दुसऱ्याच कामासाठी सोयीचे वाटू लागले : नको असलेली माणसे ठेवण्यासाठी. तिसऱ्या ब्रह्मी युद्धात १८८५ च्या नोव्हेंबरात मंडाले पडल्यावर पदच्युत झालेला राजा थिबा १८८६ मध्ये मद्रासहून येथे आणला गेला, आणि तीस वर्षे येथेच नजरकैदेत राहून डिसेंबर १९१६ मध्ये वारला. भाट्ये खाडीकडे तोंड करून असलेला, जांभ्याच्या चिऱ्यांत बांधलेला थिबा राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला, म्हणजे कैदेची चोवीस वर्षे उलटल्यावर. कैद्याला त्यात सहाच वर्षे राहायला मिळाले. राणी सुपयालात १९१९ मध्ये ब्रह्मदेशी परतली, थिबाचे थडगे मात्र रत्नागिरीतच राहिले आणि डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन अध्यक्ष थेन सेन त्याच्या दर्शनासाठी येथे येऊन गेले. विनायक दामोदर सावरकर यांना १९२४ ते १९३७ या काळात स्थानबद्ध करण्यासाठीही हेच शहर निवडले गेले. ज्या किनाऱ्यावरून तुळाजीला कैद करून घाटावर नेले, त्या किनाऱ्यावर पुढे दुसऱ्यांचे कैदी आणून ठेवले गेले. तोफांच्या खळग्यांइतक्या या खुणा उघड नाहीत, पण जित आणि जेते यांच्या व्यवहाराचा तो एकच अध्याय आहे.

जुलै २०२५ मध्ये ‘भारताची मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने १२ किल्ल्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला आणि त्यात सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग, म्हणजे १७५५-५६ च्या मोहिमेची दोन्ही टोके आली. रत्नदुर्ग त्या यादीत नाही. यादीत नाव आल्याने लाटांचा मार थांबत नाही. विजयदुर्गाच्या बाहेरच्या तटाचे काही भाग अलीकडच्या पावसाळ्यांत ढासळले आहेत, आणि पायथ्याचे चिरे समुद्राने सोडवून नेले की वरची भिंत किती दिवस टिकेल हे सांगण्यास तज्ज्ञ लागत नाही.

परंतु यादीच्या आणि दुरुस्तीच्या चर्चेत सर्वांत मागे पडते ती आंग्र्यांची गोदी. किल्ल्यापासून तीनेक किलोमीटर आत, रामेश्वराच्या बाजूला, वाघोटण खाडीच्या एका फाट्यावर कातळ खोदून आणि कडांना चिरे रचून केलेली ही गोदी सुमारे ३५५ फूट लांब व २२७ फूट रुंद आहे. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यायचे, ओहोटीने पाणी उतरले की तोंड बंद करायचे, कोरड्या तळावर उभ्या राहिलेल्या जहाजाची डागडुजी करायची आणि पुढच्या मोठ्या भरतीला ते बाहेर काढायचे, अशी तिची सोपी आणि अचूक रीत होती. किल्ले महाराष्ट्रात शेकड्यांनी आहेत. मराठ्यांनी जहाजांची निगा कशी राखली हे सांगणाऱ्या अशा जागा मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, आणि ही त्यांतली एक गाळाने बरीचशी भरलेली आहे. तिच्यातला गाळ काढून, तोंडाशी एक फलक लावून, किल्ला पाहण्यास येणाऱ्या शाळांच्या सहलींना आधी येथे आणण्याची व्यवस्था व्हावी, यासाठी युनेस्कोची वाट पाहण्याचे कारण नाही. तोवर विजयदुर्गास जाणाऱ्याने एवढे करावे : वाहन किल्ल्याच्या दारापर्यंत नेण्यापूर्वी गावात गोदीची वाट विचारून घ्यावी, ती आधी पाहावी आणि किल्ला मग पाहावा.